दुसरी मागणी

सोमवार, फेब्रुवारी १९७५. पाहणीला जायचे ठरलेले तिघे; प्रत्यक्ष हजर मी एकटी. एका सहकाऱ्याच्या घरी लग्न निघाले, दुसऱ्यांना ताप आला. तिघांची कामे एका कागदावर उतरवून घेतली आणि पुणे सोडले.

गावची विहीर बौद्ध वस्तीलाही खुली व्हावी म्हणून आमच्या संस्थेने काही गावांत मोहीम चालवली होती. सभा घेतल्या, सह्या आणि अंगठे गोळा केले, कचेरीवर मोर्चा नेला. त्याचा काय उपयोग झाला, हे आता जाऊन पाहायचे होते. या गावापुढे आमच्या दप्तरात ‘सोय झाली’ अशी नोंद होती. मी जाऊन खात्री केल्यावर फाइल बंद होणार होती. गावाचे नाव मुद्दाम देत नाही.

जालन्याला छोट्या लाइनच्या गाडीतून उतरले तेव्हा नुकते उजाडले होते. स्टेशनाबाहेर मोसंब्यांचे ढीग लागत होते. मंठ्याकडे जाणाऱ्या एसटीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारले, “संगं कोन हाय, बाई?”

“कोणी नाही.”

“एकल्याच?” त्याने शेजारची रिकामी जागा पाहिली आणि पुढे गेला. वाटूरला चहा देणाऱ्यानेही तेच विचारले. मी त्याला गावाची वाट विचारली.

वाटूरपासून तीन मैल चालायचे होते. दोन्ही बाजूंना काळी रानं, काढणीला आलेली ज्वारी, मधे करडईचे पिवळे पट्टे. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. पिशवीत सेफ्टी पिन होती. ती लावून पुढे निघाले. तासाभरात एक बैलगाडी तेवढी भेटली, तीही उलट दिशेने जाणारी.

सरपंचांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. “तुमच्या अर्जामुळं हापसा (हातपंप) भेटला, बाई. तसं बराबर लिवा.”

“पाणी येतं का त्याला?”

“आल्तं की! दिवाळीपासून जरा बिघडलाय. मानूस येऊन राह्यला दुरुस्तीला.”

“दिवाळीपासून येऊन राहिलाय?”

सरपंच मोकळेपणाने हसले. “सरकारी मानूस हाय, बाई. जल्दी कसा येईल?”

“मग तोवर वस्ती पाणी कुठून आणते? विहिरीवरून?”

त्यांचे हसू गेले. “इहिरीवर काय काम त्यांचं आता? त्यांचा सवता हापसा हाय की.”

वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. हापसा अगदी घरांच्या मधोमध होता. त्याचा दांडा दाबला तर हलकाच खाली गेला, कोरडाच वर आला. आमच्या अर्जावर पहिला अंगठा कौसाबाईंचा होता. शेतमजुरी करणारी, माझ्याच वयाची बाई. त्यांचे घर विचारत गेले, तर त्या दोन घागरी घेऊन बाहेरच पडत होत्या.

“पुन्याच्या बाई का तुमी? मंग चला संगं. हितं बसून काय दिसनार हाय?”

आम्ही नदीवर गेलो. वाळूत एक झिरा (पाणी पाझरावे म्हणून उकरलेला खड्डा) होता. तळाशी वाटीभर पाणी साचायचे, ते उपसायचे, मग पुन्हा साचेपर्यंत बसून राहायचे. कौसाबाई बोलत होत्या.

“आधी आमी इहिरीच्या वट्याखाली घागर ठिवून उभ्या ऱ्हायचो. कुनाला दया आली की वरून वतायचे. शिव्या देत वतायचे, पर वतायचे. आता म्हंत्यात, हापसा दिल्ता ना तुमाला? निघा.”

“म्हणजे आधीपेक्षा वाईट झालं?”

“मी काय सांगून राह्यले मंग?” त्यांनी वाटी घागरीत रिकामी केली. “आमी तर इहीर मागितल्ती. हापसा कुनी मागितला?”

मागितला होता. अर्ज लिहिताना बैठकीत मीच म्हटले होते की नुसती विहीर मागितली तर साहेब अडून बसतील. जोडीला दुसरी मागणी घालू, विहीर खुली करता येत नसेल तर वस्तीला स्वतंत्र सोय करावी. माझ्या व्यवहारीपणाचे त्या दिवशी कौतुक झाले होते. कचेरीने ती दुसरी मागणी उचलली, आणि पहिली मिटली.

मी कौसाबाईंना हे सगळे सांगितले.

त्यांनी झिऱ्यात ढासळलेली वाळू हाताने बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तुमच्या अर्जाचं अक्षर लई सुरेख हाय म्हनत व्हते शाळंचे मास्तर.”

दुसरी घागर भरली आणि आम्ही वस्तीकडे परतलो. घरी त्यांनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी) वाढले. तांब्यातले पाणी मी घोटभरच प्यायले. त्यांनी ते पाहिले. “प्या, प्या. पाहुनीला मोजून देत न्हाई आमी.”

निघताना त्या म्हणाल्या, “आता अर्ज नगं. तुमी या. म्या इहिरीत पोहरा सोडते, तुमी निस्त्या बाजूला उभ्या ऱ्हावा. एकलीला हुसकून लावतील. तुमच्याम्होरं जरा लाज वाटंल.”

“येईन. तारीख कळवते.”

“कळवा. मास्तर वाचून दाखवतील.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. बाहेर तीच ज्वारी, तेच पिवळे पट्टे. पाहायला सांगावे असे शेजारी कोणी नव्हते. पुण्याला येऊन अहवाल लिहिला. ‘सोय झाली’ खोडून ‘हापसा बंद, विहीर पूर्वीपेक्षा दूर’ असे लिहिले, आणि दुसरी मागणी कोणाची होती तेही. कार्यकारिणीने अहवाल वाचला. फाइल उघडी ठेवायची, असे एकमताने ठरले. वाद कोणी घातला नाही. घातला असता तर बरे वाटले असते. समोरच्याने अडवण्याआधीच त्याला पळवाट काढून देण्याला मी इतकी वर्षे नियोजन म्हणत आले.

यादीतली बाकीची कामे झाली. कौसाबाईंच्या नावाचे पोस्टकार्ड टेबलावर आहे. विहिरीवर त्यांच्याबरोबर मी एकटीच असेन, आणि हुसकले तर आम्हा दोघींनाही हुसकतील, याखेरीज उशिराला दुसरे कारण नाही. पत्ता मास्तरांच्या मार्फत घातला, ‘येत आहे’ लिहिले. तारखेची जागा अजून कोरी आहे.