बाजूला टाकलेले खिळे

रस्त्यात खिळा किंवा काटा दिसला तर उचलून बाजूला टाकावा, असं माझ्या आईनं मला शिकवलं. सगळ्यांच्याच आया शिकवतात. पण बाजूला म्हणजे नेमकं कुठे, हे कुणाचीच आई सांगत नाही. मी सांगते. त्या बाजूनं मी जायचे.

चौथ्या वर्षी ताप आला आणि माझे दोन्ही पाय लुळे पडले. विसाव्या वर्षी मी चिंचवडहून पिंपरीला कामाला जायला लागले, ती हातांच्या जोरावर. एका छोट्या कारखान्यात पुठ्ठ्यावर बटणं शिवायची होती, त्याला पाय लागत नाहीत. जायला तीनचाकी होती. स्टेशनाजवळच्या पंक्चरवाल्या चाचांनी ती दोन मोडक्या सायकलींतून माझ्यासाठी बांधली होती. पुढे एक चाक, मागे माझ्या दोन्ही अंगांना एकेक, आणि छातीसमोर हातांनी फिरवायचं पायडल. त्याला पायडलच म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उठत होते. यंत्रं लाकडी खोक्यांतून यायची. लोक खोकी रस्त्यातच फोडायचे, फळ्या चुलीला न्यायचे आणि खिळे तिथंच सोडायचे. बैलांच्या नालांचे खिळे आणि बाभळीचे काटे आधीपासून होतेच. सायकलवाल्याचं बरं असतं. त्याचं मागचं चाक पुढच्याच्याच वाटेनं येतं, पुढचं वाचलं की मागचंही वाचतं. माझं पुढचं चाक वाचलं, की मागच्या दोघांतलं एखादं गाठलंच म्हणून समजा. आणि मागची चाकं मला दिसायची नाहीत. तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सांगणार, "बघून चालवावं गं, पोरी!" तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायांना काही कळत नाही. माझी आग थेट मस्तकातच लागायची.

कारखान्यात मी अजून कच्ची होते. दिवाळीनंतर कायम करू, असं साहेबांनी कबूल केलं होतं. अट एकच, एका महिन्यात तीनदा उशीर झाला की घरी. कायम झाले असते, तर 'हिचं पुढे कसं व्हायचं' हा आमच्या घरातला रोजचा विषय बंद झाला असता. मी जेवायला बसले की नेमका तो निघायचा.

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात दोनदा पंक्चर झालं आणि दोनदा उशीर लागला. दुसऱ्या वेळी चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले आणि माझ्याकडे मान वर केली.

"बेटी, हे तुझं डावंच चाक कसं काय गं? डाव्याला ठिगळंच ठिगळं, उजव्याला एक न्हाई."

"मी काय सांगू? मला दिसतं का ते?"

"मग कडेनं नको जाऊ."

"लॉऱ्या मधून जाऊ देतात का?"

लॉरीवाला मागून भोंगा मारणार आणि मी मुकाट्यानं मुरमात उतरणार, हे रोजचं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी उलगडा झाला. सकाळची वेळ, कारखाना समोर दिसत होता. पुढे एक सायकलवाला कामगार चालला होता, मावळातला असावा. त्यानं मागे वळून मला बघितलं, रस्त्यात काहीतरी बघितलं आणि चटकन खाली उतरला. बोटाएवढा खिळा उचलून त्यानं मला दाखवला, माझ्या डाव्या हाताला कडेला टाकला आणि हसला.

"जावा आता बिनघोर, आक्का."

तेवढ्यात लॉरीचा भोंगा वाजला. मी कडेला झाले. डाव्या चाकाखाली फस्स झालं.

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बिचारा तोंड उघडं टाकून ऐकत होता. "आमी तर चांगलंच केलं," एवढंच म्हणाला. मग सायकल आडवी टाकून त्यानं माझी गाडी ढकलायला घेतली. रिम दगडावर खडखडत होती, तो धापा टाकत पळत होता, आणि मी पुढे बसून त्याला शिव्या देत होते. फाटकाशी पोचलो तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजून गेला होता.

हजेरीवाल्या कारकुनाला त्यानं सांगितलं, "खिळा मी टाकला, साहेब. ह्यांची चूक न्हाई." कारकून म्हणाला, "उशीर तो उशीर, आणि हा तिसरा. कारण लिहायला रकाना नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "बघून चालवायचं ना, ताई."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं, आणि ते रागाचं होतं हे त्या माणसाला आयुष्यात कळायचं नाही.

सायकलवाल्यानं चाचांना बोलावून आणलं. त्यांनी फाटकाबाहेरच ठिगळ लावलं. धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

परत निघाले तेव्हा दुपार झाली होती. रस्ता मोकळा होता. निम्म्या वाटेवर कडेला, बरोबर माझ्या वाटेत, पुन्हा एक खिळा. मी गाडीला अडकवलेली काठी काढली आणि तो खिळा ढकलत ढकलत रस्त्याच्या मधोमध नेऊन सोडला. घ्या, म्हटलं. तुमच्या चाकांनाही कळू दे. पाप लागायचं तर लागो.

वीसेक फेरे पायडल फिरवलं असेल. मग आठवलं, तीन वाजता पाळी सुटेल आणि सायकली याच रस्त्यानं येतील. सकाळचा तोही येईल. त्याला मी इतकं बोलले होते आणि त्यानं उलट शब्द काढला नव्हता.

तीनचाकी वळवायला अख्खा रस्ता लागतो. मी तो घेतला. खिळ्यापाशी पोचले, चाकाला धरून वाकले, तोच लॉरी आली. ती करकचून थांबली. तिचा भोंगा वाजायला लागला तो थांबेना.

"ए बाई, बाजूला हो की!"

आजवर दर वेळी मी झाले होते. या वेळी मान वर केली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "नाही होणार!"

भोंगा थांबला. मी सावकाश वाकले, खिळा उचलला आणि सरळ झाले. तो कुठेही टाकला नाही. ओच्यात बांधला आणि घरी आणला.