हैदा ग्वायचे कावळे

सुधा मंगळवारी सकाळी गेली. दहाव्या दिवशी मार्कहॅमच्या घरामागे, बर्फ बाजूला करून, पिंड ठेवला. कावळे शेजारच्या मेपलवर बसून राहिले.

"आई, बाबांना मी बघेन," मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, "तुला जायचं होतं ती बेटं बघून येईन."

तरी एकही उतरला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. विधी पार पडला, पण माझं मन त्या मेपलपाशीच राहिलं.

जूनमध्ये एकटाच हैदा ग्वायला निघालो. पश्चिम किनाऱ्यापलीकडची ही हैदा या मूळनिवासी लोकांची बेटं. प्रिन्स रूपर्टहून बोटीला जवळजवळ सगळा दिवस लागला. डेकवर शेजारच्या खुर्चीवर कोट टाकून मी जागा धरली. सवयीने.

उतरल्यावर उत्तरेला मॅसेट गावाकडे गेलो. रस्त्याकडेला काळं अस्वल गाईसारखं गवत खात होतं. गरुड इथे आपल्याकडच्या घारींइतके सर्रास. ज्या घरी उतरलो, त्याच्या दारात देवदाराचा कोरीव खांब होता. टोकावर पंख मिटलेला पक्षी.

दुसऱ्या दिवशी वरणभात केला आणि किनाऱ्यावर एका खडकावर ताट ठेवलं. ओंडक्यावरचे डोमकावळे माझ्याकडे बघत राहिले. जवळ कोणी येईना.

घरमालकीण लिंडा मागून आली. सत्तरीची हैदा बाई.

"अस्वलांना जेवायला बोलावलंय का? उचला आधी!"

ताट उचललं आणि तिला सगळं सांगितलं. ती ओंडक्यावर बसली.

"आम्ही गेलेल्यांचं ताट आगीत घालतो. तुम्हाला कावळाच हवा?"

"हो."

"मग मी आहे की. माझी आई याल, म्हणजे डोमकावळ्याच्या कुळातली, म्हणून मीही. सुधाला चालेल?"

मी दोन्ही हातांनी ताट पुढे केलं. तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे."

मला हसू फुटलं, मग रडू. सुधा माझ्या स्वयंपाकाला हेच म्हणायची. उरलेलं आम्ही लिंडाच्या शेगडीत घातलं.

परतल्यावर मुलीला फोनवर सांगितलं, "कावळा शिवला."

"रिअली, बाबा?"

"हो."

आता एकट्यापुरता भात लावतो. वरणात मीठ अजून कमीच पडतं. सांगणारं कोणी नाही.