जोडसुट्टी

पडदे शिवण्याच्या त्या कारखान्यात नवीन वर्ष उजाडलं, की बायका ताईच्या मशीनभोवती गोळा व्हायच्या. बँका कधी बंद, कुठली सुट्टी शनिवार-रविवारला चिकटून आली, कुठली नेमकी रविवारीच पडून फुकट गेली, हे सगळं तिला तोंडपाठ. बँका बंद त्या दिवशी कारखानाही बंद, असा मालकांनी पहिल्यापासून शिरस्ता ठेवला होता. त्यामुळे ताई सांगेल ती सुट्टी पक्की. तोंडावर तिला सगळ्या ताई म्हणत आणि माघारी जोडसुट्टी. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा नाद मात्र हौसेचा नव्हता. तिच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नवरा लवकर गेला, आणि पोर शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिला शिकवील अशी शाळा गावात सापडेना. सापडली ती लांब डोंगरातल्या एका शहरात, वसतिगृहाची. भाऊ म्हणाला, एवढ्याशा पोरीला इतक्या लांब कशाला ठेवतेस? ताईनं त्याचं ऐकून घेतलं आणि मुलीची बॅग भरली. जायला पुरता एक दिवस, यायला एक दिवस. रविवारच्या एका सुट्टीत ते जमणं शक्यच नव्हतं. भेट व्हायची तर जोडूनच सुट्टी हवी.

पहिल्याच खेपेला तिची फजिती झाली. पगार बँकेत पडायचा त्याच दिवसापासून बँका बंद. पैसे काढायच्या यंत्रापुढे ही लांबच लांब रांग, आणि तिचा नंबर आला तेव्हा खात्यात खडखडाट. उसने घेऊन ती स्टँडवर धावली, तर गाडी खच्चून भरून निघून गेलेली. तिकडे पोर केस विंचरून, रिबीन बांधून सकाळपासून फाटकाच्या पायरीवर बसली होती. संध्याकाळी वसतिगृहाच्या बाईंनी तिला उचलून आत नेलं. हे ताईला नंतर कळलं. ती रडली नाही, पण त्या दिवसापासून तिनं कंबर कसली.

तिकीट ती कित्येक महिने आधी काढू लागली, आणि तेही परतीचं आधी. जाताना माणसं आगेमागे निघतात, येताना मात्र सगळ्यांना शेवटच्याच दिवशी यायचं असतं, हे तिनं एकदा उभ्यानं प्रवास करून पुरतं ओळखलं होतं. वसतिगृहाची फी, विजेचं बिल, सगळं सुट्टीच्या आदल्या आठवड्यात भरून मोकळी. हातखर्चाची रोकड यंत्रं रिकामी व्हायच्या आत काढून ठेवलेली. हळूहळू बाकीच्या बायकाही तिला विचारून बेत करू लागल्या. कुणी आईकडे जाऊन आली, कुणी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघून आली. आणि आल्यावर सगळ्यांच्या गोष्टी ताईच्या मशीनशी, हात चालू ठेवून.

मग एका वर्षी मोठीच जोडसुट्टी आली. बायकांनी तिकिटं काढली आणि तेवढ्यात हिशेबनीसांनी सांगितलं, पगाराची तारीख सुट्टीतच येते, तेव्हा पगार सुट्टीनंतर. सगळ्यांची तोंडं उतरली. ताई हातातलं काम ठेवून थेट मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

"बँका उघडल्या की लगेच टाकतो ना. चार दिवसांनी काय बिघडतं?" मालक म्हणाले.

"साहेब, सुट्टी आधी आणि पगार मागून. मग सुट्टीत आम्ही काय भिंतींकडे बघत बसायचं?"

मालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी अडचण उघड करून सांगितली. एका हॉटेलच्या सभागृहाचे पडदे लागले, की तिकडून पैसे येणार आणि त्यातून पगार होणार. काम सुट्टीनंतरच पुरं होईल असं धरलं होतं. ताई म्हणाली, काम आधी झालं तर? मालकांनी विचारलं, करणार कोण? ती म्हणाली, "आम्ही."

आम्ही म्हणून तर बसली, पण बायकांना पटवताना तिच्या नाकी नऊ आले. पडद्यांना कड्या लावणारी तर फणकारली, तुला लेकीची ओढ, त्यासाठी आमच्या कमरा का मोडायच्या? ताईनं वाद घातला नाही. ज्यांना जमेल त्यांनी सुटल्यावर जादा वेळ थांबावं, म्हणाली. कडीवाली दोन दिवस घुश्शात घरी गेली. तिसऱ्या दिवशी थांबली, ते मात्र कुरकुर करतच, आणि ती कुरकुर ऐकत बाकीच्यांचं काम झपाझप होत गेलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी पडदे टांगले गेले आणि घोडं अडलं. मंचावरचा मोठा पडदा वीतभर वर राहत होता. मापं घेतल्यावर हॉटेलवाल्यांनी मंचापुढची फरशी खाली घेतली होती आणि कळवायचं विसरले होते. चूक त्यांची, पण पैसे अडकले ते यांचे. ताईनं पडदा खालीवर निरखला आणि म्हणाली, खालून पट्टी जोडते, शिवण दिसणार नाही. हॉटेलच्या मॅनेजरनं घड्याळ बघितलं. पट्टी जोडून होईपर्यंत बँक बंद झाली असती.

"पैसे आत्ता सोडतो," तो म्हणाला, "पण पडदा पुरा झाल्याशिवाय या बाईंनी जायचं नाही."

मालकांनी ताईकडे बघितलं. तिची गाडी दुपारची होती हे त्यांना माहीत होतं. "जात नाही," ती म्हणाली.

पैसे आले, पगार झाले, बायका आपापल्या गाड्यांना पळाल्या. कडीवाली दारातून परत आली, ताईच्या खांद्यावर हात ठेवून गेली. सभागृहात आणवलेल्या मशीनवर ताई आणि समोर मालक, तो जड पडदा दोन्ही हातांत तोलून धरलेले. पट्टी बेमालूम बसली. तोवर तिची गाडी कधीच सुटली होती, आणि पुढच्या सगळ्या गाड्या भरलेल्या.

घरी येऊन तिनं मुलीला मेसेज केला, या खेपेला येता येत नाही. पायरीवर बसलेली ती लहानगी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. थोड्या वेळानं उत्तर आलं: तू जंक्शनपर्यंत ये. तिथवरच्या गाड्यांना तिकीट आधी काढावं लागत नाही. मी इकडून येते.

ताईची पाचावर धारण बसली. मुलगी आता मोठी झाली होती, शाळेचं शेवटचं वर्ष होतं, पण एकटी कधी कुठे गेली नव्हती. हाक मारली तर ऐकू येणार नाही, कुणी भलतीकडे उतरवलं तर? तिनं लिहिलं, अजिबात येऊ नकोस. उत्तर आलं: बाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या.

जंक्शनचं गाव दोघींच्या वाटेच्या मध्यावर होतं. इतकी वर्षं तिथे गाडी थांबली, की ताई चहा पिऊन पुन्हा गाडीत चढायची. स्टँडबाहेर काय आहे, तिनं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तिथे प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शेवटी एका गाडीतून मुलगी उतरली, खांद्यावर बॅग, चेहरा अगदी शांत. ताईचा जीव भांड्यात पडला. मग ती रागावली, हातांनी भराभरा खुणा करत, स्टँडवरची माणसं वळून बघेपर्यंत.

मुलीनं तिचे दोन्ही हात धरून खाली केले आणि मग आपल्या हातांनी म्हणाली, "दर वेळी तूच का यायचं? रस्ता दोन्हीकडून सारखाच आहे."

ताईनं तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. स्टँडजवळ बायकांसाठी एक साधं विश्रांतिगृह होतं, तिथे खोली मिळाली. गावात बघण्यासारखं फार काही नव्हतं. एक कालवा, त्याच्या कडेनं झाडं, बाकं. दोघी कालव्याकाठानं हिंडल्या, गावातलं एकुलतं संग्रहालय बघायला गेल्या तर तेही सुट्टीमुळे बंद. त्याच्या पायऱ्यांवर बसून त्या इतक्या हसल्या, की मुलीला उचकी लागली.

सुट्टीनंतर मालकांनी स्वतःहून सांगितलं, यापुढे पगाराची तारीख सुट्टीत आली तर पगार सुट्टीच्या आधी. त्यावर ताईनं हिशेबनीसांना पुढच्या अशा तारखा लगेच सांगून टाकल्या.

आता मुलगी त्याच डोंगरातल्या शहरात चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात नोकरी करते. त्या कारखान्याच्या सुट्ट्या बँकेप्रमाणे चालत नाहीत, कामाच्या पाळ्यांप्रमाणे बदलतात. दोघींच्या सुट्ट्यांची मोट बांधता बांधता ताई मेटाकुटीला येते, मालकांना नावं ठेवते, पण मुलीच्या मालकांना, आपल्या नाही. मशीनभोवती बायका जमल्या, की आधी लेकीच्या कारखान्यातल्या पाळ्यांचं गाऱ्हाणं ऐकावं लागतं, मग कुठे पुढची सुट्टी कळते.