ए-फोर कागदावर मंजूर झालेली मोबाइल साइट

“ये दोनों तरफ इतनी जगह खाली क्यों छोडी है?” सरकारी हॉस्टेल विभागाच्या चोप्रा साहेबांनी आडव्या ए-फोर कागदावर पेन्सिल आपटली.

कागदाच्या मधोमध माझ्या मोबाइल साइटचा प्रिंट होता. उभा, फोनएवढा. हो, प्रिंट! मुलींच्या हॉस्टेल प्रवेशाची वेबसाइट, आणि साहेब ती मंजूर करणार फाइलीत लावलेल्या कागदावर. का, तर फोनवर सही करता येत नाही.

“सर, फोन इथे संपतो. पुढचा पांढरा भाग कागदाचा आहे,” मी हिंदीत सांगितलं आणि मोबाइल पुढे केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. एका बाजूला नियमांची चौकट आखली, दुसऱ्या बाजूला फोटो आणि अर्ज पाठवायचं बटण. खाली सही ठोकली.

मी अकरा वर्षं वेबसाइटचे लेआउट करते. नवरा एअर फोर्समध्ये, म्हणून सध्या नोकरी मोहालीत. मोबाइलचा नियम अगदी साधा आहे. स्क्रीन अरुंद, म्हणून सगळं एकाखाली एक. माणूस बोटाने वर सरकवत शेवटच्या बटणापर्यंत पोचतो. तीन रकाने शेजारी शेजारी कोंबले की उजवीकडचा रकाना स्क्रीनबाहेर जातो. आमच्या कंपनीच्या बॉसला, सोधी सरांना, मी हे पोटतिडकीने सांगितलं.

“मॅडम जी, साइन हो गया ना? अब मत छेडो.”

मग कागदाबरहुकूम साइट लाइव्ह केली, म्हणजे सगळ्यांसाठी खुली केली. चुकलंच माझं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी हेल्पलाइन वाजली. हेल्पलाइन म्हणजे माझंच टेबल! अबोहरकडच्या एका गावातून मनप्रीत नावाची मुलगी बोलत होती. नर्सिंगला नंबर लागलेला. हॉस्टेल मिळालं नाही तर घरचे तिला चंडीगडला पाठवणार नव्हते. मुदत पाचपर्यंत.

“दीदी, सब भर दिया. भेजने वाला बटन है ही नहीं.”

“स्क्रीन को उंगली से बाईं तरफ सरकाओ.”

“सरकाया जी. पेज पीछे चला गया, सारा मिट गया. तीसरी बार.” आणि ती रडायलाच लागली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंजुरी मागत बसले असते तर पाच इथेच वाजले असते. कुणालाही न विचारता मी माझा पहिला लेआउट लाइव्ह केला आणि तिला पेज पुन्हा उघडायला लावलं. पाचला वीस मिनिटं असताना ती ओरडली, “हो गया दीदी!”

दुसऱ्या दिवशी चोप्रा साहेबांपुढे हजर.

“मंजूर डिझाइन किसकी परमिशन से बदला?”

“सर, त्यात बटणच दिसत नव्हतं.”

साहेबांनी फाइल उघडली आणि कागदावर बोट ठेवलं. “ये क्या है? दिख तो रहा है!”

माझ्याकडून लेखी माफी घेतली. ‘मुदत आठवडाभर वाढवावी,’ असं मी त्या माफीतच लिहिलं. सोधी सरांनी तेवढी ओळ काढून पत्र परत टाइप करायला लावलं. नंतर ते कामही माझ्याकडून गेलं.

तेव्हापासून मी फोनचं डिझाइन फोनवरच पास करून घेते, नाहीतर काम घेत नाही. मनप्रीतने निदान फोन तरी केला. बटण नाही म्हणून ज्या मुलींनी मोबाइल मुकाट्याने बाजूला ठेवला असेल, त्या कुठल्याच फाइलीत नाहीत.