बाईंनी गणित सोडू दिलं नाही

मंडळी, आज सकाळी कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर मला माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई भेटल्या. तब्बल पन्नास वर्षांनी!

सत्तरच्या दशकात मी रिठदला शिकत होते. तेव्हा नववीत गणित सोडता यायचं, आणि मला ते सोडायचं होतं. बाईंनी विचारलं, "काहून सोडून राह्यली?" मी म्हटलं, "मले जमत नाही, बाई." त्या दिवसापासून शाळा सुटली की त्या मला थांबवून घ्यायच्या आणि त्रैराशिक शिकवायच्या. मला त्यांचा भारी राग यायचा.

पुढे मी नर्स झाले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तापाने फणफणलेलं एक तान्हं बाळ दवाखान्यात आलं. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. सिरिंज भरताना लेबलकडे लक्ष गेलं. नव्याने आलेली ती बाटली नेहमीपेक्षा चौपट तीव्र होती. मी हात थांबवला, कागदावर त्रैराशिक मांडलं आणि नेहमीच्या पाव भागच औषध दिलं. चार दिवसांनी बाळ आईच्या कडेवर हसत घरी गेलं.

आज स्टँडवरच्या बाकावर बसून हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मले वाटे, तुमी पोरी मले अजून शिव्याच देत असान."

"तवा देतच होतो, बाई!"

दोघी हसलो. दोघींचेही डोळे भरून आले.

तुम्हाला शाळेतलं गणित कुठे कामी आलं? आणि ज्यांनी शिकवलं, त्यांना ते सांगितलंत का?