करमरकरांचं मशीन आणि माझा पाना

माणसं रिटायर झाली की घरात दोन गोष्टी साठायला लागतात, गोळ्यांची पाकिटं आणि किस्से. गोळ्या निदान एक्स्पायर होतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले गेल्या वर्षभरातले बहुतेक किस्से एकाच ठिकाणाहून निघालेत, तिसऱ्या मजल्यावरच्या करमरकरांच्या कॉफी मशीनमधून.

आधीच सांगून टाकतो, मी या माणसावर जळतो. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी आमची चौकडी माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर जमायची. मी, बँकेतून रिटायर झालेले करमरकर, पाटबंधारे खात्यातले बनसोडे आणि आयटीतला नागपूरचा वानखेडे. आमच्या हिचा आल्याचा चहा आणि माझ्या कंपनीतल्या गोष्टी, असा बेत असायचा. मग करमरकरांच्या मुलीनं त्यांना एस्प्रेसो मशीन पाठवलं आणि आमचा रविवार एक जिना चढून वर गेला.

*

पहिल्या दिवशी करमरकरांनी मशीनला चक्क हार घातला होता. कप एवढासा, की बनसोडेंना वाटलं ही नुसती चव बघायला दिलीय, खरी कॉफी मागून येणार. ते अर्धा तास वाट बघत बसले.

मी जाहीर केलं, कडू आहे. ही सगळ्यांसमोर म्हणाली, "मग दुसरा कप कशाला घेतलात?"

"खात्री करायला," मी म्हणालो.

निघताना जिन्यात माझा बोलण्यातला तोल सुटला. मी मोठ्यानं बोललो, की यापुढे मशीनची कॉफी पिणाऱ्यांनी माझ्याकडे यायची तसदी घेऊ नये. पुण्यात असलं बोलणं कुणी थट्टेवारी नेत नाही. पुढच्या रविवारी माझ्याकडे कुणी आलं नाही. हीसुद्धा वरच गेली होती.

*

तीन महिन्यांनी हिनंच बातमी आणली. "गळतंय हो त्यांचं मशीन. मागं पाण्याची नळी आत शिरते ना, तिथून."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पिंपरीच्या कंपनीत मी बत्तीस वर्षं पाइप फिटिंग केलंय. अख्खी नोकरी गळती बंद करण्यात गेली. आता करमरकरांना जिना उतरून माझ्याकडे यावंच लागणार! मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही, न जाणो यायचे आणि मी नसायचो.

ते आले नाहीत. त्यांनी नळीखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला.

*

वरचं सगळं मला हिच्याकडून आणि पुढे ज्याच्या त्याच्या तोंडून कळत गेलं. बनसोडेंची निम्मी नोकरी खडकवासल्याच्या कालव्यावर गेली. गळतीकडे त्यांनी अगदी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "गळती कधी शून्यावर येत नसते. ती मान्य करायची असते." मान्य करून झाल्यावर सगळ्यांची पाठ वळताच त्यांनी जोडाचा नट हळूच थोडा आवळला. वानखेडेनं चार व्हिडिओ पाहून आवळला. करमरकर रोज आंघोळ झाली की आवळायचे. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकट्यानंच आवळलाय. गळती दुप्पट झाली.

*

मग धायरीहून एक प्लंबर आला. नळाला लावतात तसा त्यानं त्या नाजूक जोडाला सुतळीचा धागा गुंडाळला, वर सफेदा फासला आणि सांगितलं, "आता गळायचं नाय. माझी ग्यारंटी हाय."

खरंच गळलं नाही. फक्त कॉफीला नुकत्याच रंगवलेल्या दाराचा वास यायला लागला. मंडळी एकमेकांकडे न बघता पीत होती. करमरकरांनी मात्र चेहरा जराही हलू दिला नाही. "नवीन बिया आहेत," ते म्हणाले. "ब्राझीलच्या."

ग्यारंटी दोन दिवस टिकली.

*

शेवटी मीच मेंटेनन्सची पावती द्यायचं निमित्त काढून वर गेलो. एका नजरेत कळलं. नटाच्या आत एक पातळ पितळी रिंग असते. नट बसला की ती नळीला घट्ट धरते. तिघांनी आवळून आवळून तिचा पार चुराडा केला होता. दहा मिनिटांचं काम होतं. मी पावती दिली, पाणी प्यालो आणि खाली आलो. त्या दुपारी मला फार छान झोप लागली.

हिला सांगितलं तर म्हणाली, "एक रिंग बदलायला इतका अहंकार लागतो का हो?"

*

चार दिवसांनी करमरकर दारात उभे राहिले. "जगताप, आपण जरा वर याल का?" अकरा वर्षांत या माणसानं मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, "चहा मागत नाहीये."

माझ्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात त्याच मापाची रिंग निघाली. जुनी कापून काढली, नवी बसवली. नट हातानं बसेल तेवढा बसवायचा, मग पान्यानं जेमतेम एक फेरा द्यायचा आणि थांबायचं. "आणि थांबता येत नसेल तर पाना कुलपात ठेवायचा," मी सांगितलं. गळती बंद झाली.

रविवारी सगळे वर जमले. काय मस्त चालतंय मशीन, किती शांत, किती छान फेस! रिंगबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आमची हीसुद्धा मशीनचंच कौतुक करत होती. तोवर मी करमरकरांवर जळत होतो, त्या दिवशी यंत्रावर जळलो.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निघताना खिशातून छोटा पाना काढला आणि नट अर्धा फेरा ढिला केला.

सोमवारी सकाळी फोन आला, "गळतंय हो. येता का?" मी गेलो, अर्धा फेरा आवळला. करमरकरांनी माझ्या एकट्यासाठी कॉफी केली. त्यांनी बँकेतल्या गोष्टी सांगितल्या, मी कंपनीतल्या. मग ते चालूच राहिलं. रविवारी मी ढिला करायचो आणि सोमवारी मीच आवळायचो. कॉफी कडूच होती, पण मी तसं म्हणायचं सोडलं.

*

गेल्या महिन्यात आम्ही मुलीकडे नाशिकला गेलो होतो. पंधरा दिवसांनी सोमवारी सकाळी परत आलो. बॅग अजून हातातच होती, तेवढ्यात फोन वाजला. "गळतंय हो. येता का?"

मी पाना घेऊन वर गेलो. खाली श्रीखंडाचा डबा होता, डब्यात जेमतेम चार थेंब. नटाला पाना लावला. बरोबर अर्धा फेरा ढिला होता. पंधरा दिवस मी त्याला हात लावला नव्हता.

मी वळून करमरकरांकडे पाहिलं. ओट्यावर दोन कप आधीच मांडलेले होते आणि ते त्यातला एक फार मन लावून पुसत होते.

मी अर्धा फेरा आवळला. कॉफी झाली. कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी पुन्हा बघावं लागेल बहुतेक."