दोन पट्ट्यांचं वजन

डेलमार स्ट्राउडची जुनी सॅक रिकामी असतानाही खाऊनपिऊन सुखी असलेल्या कुत्र्याइतकी वजनाला भरायची. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्याला बांधलेलं विटकं हिरवं कापड, आणि पावलागणिक कुईं असा आवाज. बिशप गावातल्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात डेलमारचा जन्म गेला होता. कुठलाही कुरकुरणारा सांधा तो तेलाच्या दोन थेंबांत गप्प करू शकत असे. सॅकच्या वाटेला मात्र तो कधी गेला नाही. मागून येणाऱ्या गसला त्या आवाजावरून कळायचं, की जेवण किती पुढे गेलंय.

कारण जेवण डेलमारच्या पाठीवर असायचं.

गस एचेवेरी हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. गसचे परदेशातून आलेले बास्क आजोबा ह्याच सिएराच्या डोंगरांत मेंढ्या घेऊन हिंडले होते, त्यामुळे गस त्या डोंगरांबद्दल घरची जमीन असल्यासारखं बोले. त्याच्या एका गुडघ्यात डॉक्टरांनी नवा सांधा बसवला, तेव्हापासून दोघांचा तंबू, चूल, पातेलं आणि अस्वलाचा डबा डेलमारकडे आला. अस्वलाचा डबा म्हणजे जाड काळ्या प्लास्टिकचं पिंप. अन्न त्यात ठेवलं नाही तर जंगल खात्याचा रेंजर दंड करतो. ठेवलं तर अस्वल त्याच्याशी थोडा वेळ फुटबॉल खेळतं आणि कंटाळून निघून जातं. चीज, सलामी, शेंगदाण्याचं लोणी आणि गसचे ते जाडजूड चोरिसो सॉसेज भरले, की तो डबा पाठीवर एखाद्या बाळसेदार पोरासारखा बसे.

गस त्याला मदत म्हणे. डेलमारच्या लेखी ते राज्य होतं. ज्याच्याकडे डबा, तो ठरवणार कुठे थांबायचं. चढावर धापा टाकत गस विचारायचा, "डेल, थांबायचं का रे?" त्यावर डेलमार ताबडतोब उत्तर देत नसे. आधी आकाशाकडे बघे, मग वाटेकडे, आणि मग म्हणे, "अजून थोडं." घरी असं कुणी विचारत नसे. त्याच्या बायकोचं, आर्लीनचं, त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. ती तसं स्पष्ट सांगतही असे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कर्टिस व्हिटलो उगवला. सॅक्रामेंटोहून निवृत्त होऊन आलेला दातांचा डॉक्टर. गसला तो फिजिओथेरपीच्या दवाखान्यात भेटला. एकाचा गुडघा, एकाचा खांदा, एवढ्या भांडवलावर मैत्री झाली. कर्टिस उंच होता, चालायला चपळ होता, कुणाचं बोलणं तोडत नव्हता, आणि खोकला आला तर बाजूला जाऊन खोकत होता. डेलमारने त्याच्यात खोट शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. ती सापडेना, तेव्हा न सापडणं हीच त्याने खोट धरली.

सहलीआधीच्या रविवारी गसच्या गॅरेजमध्ये वजनं व्हायची. जमिनीवर निळी ताडपत्री, तुळईला मासे तोलायचा काटा. प्रत्येकाने आपलं सामान सॅकमध्ये भरून काट्याला टांगायचं. ज्याचं स्वतःचं ओझं सर्वांत हलकं, त्याच्याकडे डबा. हा नियम डेलमारनेच केला होता. तेव्हा स्पर्धेत तो आणि एक नादुरुस्त गुडघा एवढेच होते, आणि गुडघ्याला डब्याची माफी होती.

ऑगस्टच्या सहलीआधी कर्टिसने आपली निळी सॅक टांगली. काटा थोडासा हलला आणि थांबला.

"काटा अडकला बहुतेक," डेलमार म्हणाला.

"काही अडकला नाही," गस म्हणाला. "कर्टिस, लेका, आत काही भरलंयस, की हवा आणलीस?"

"सगळं आहे," कर्टिस म्हणाला. "माझी सॅक तेवढी हलकी आहे. पण वजन भक्कम घेते. डबा मी नेतो ना, डेल. तुम्ही इतकी वर्षं नेलात."

त्या सहलीत डेलमार डब्याविना चालला. पुढे निळी सॅक, तिच्यातून उमटलेला डब्याचा गोल आकार, आणि मागून गसचा आवाज, "कर्टिस, थांबायचं का रे?" कर्टिस म्हणाला, "तू म्हणशील तिथे." राज्य चालवायची ही काय पद्धत झाली? डेलमारला त्या रात्री चोरिसो घशाखाली उतरेना. तीन तुकडे खाल्ले, पण नाइलाजाने.

परत आल्यावर तो गावातल्या दुकानात गेला. तिथल्या मुलीने त्याच्या पाठीची लांबी मोजली, एका सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, ती त्याच्या पाठीवर चढवली आणि कमरपट्टा आवळला. डेलमार दुकानात फेरी मारून आला. वजन होतं, पण ते खांद्यांना ठाऊकच नव्हतं. कंबर आणि पाय आपसात काय ते बघून घेत होते.

"आत पाठीलगत धातूच्या ह्या दोन पट्ट्या आहेत," मुलगी म्हणाली. "सगळं ओझं कमरेवर ह्याच उतरवतात. सॅक हलकी असली म्हणून ओझं हलकं होत नाही, काका. तुम्ही डबा नेणार, तर ह्या हव्यातच."

डेलमारचं लक्ष नव्हतं. "डॉक्टर व्हिटलोंनी कुठली घेतली?"

"हीच. निळी."

तो तसाच दाराबाहेर पडणार होता. पण पट्टा अजून कमरेला होता. शेवटी त्याने तीच सॅक राखाडी रंगात घेतली.

मग घरी सामान सोलणं सुरू झालं. टूथब्रशचा दांडा कापला. नकाशाचे समास कापले. चहाच्या पिशव्यांचे दोरे कापले.

"आता नखं काप," आर्लीन म्हणाली. "आणि तो मत्सर घरी ठेवून जा. सगळ्यात जड तोच आहे."

"मत्सर कसला? पाठीचा प्रश्न आहे."

"कुणाच्या पाठीचा? कर्टिसच्या?"

एवढं करूनही स्वयंपाकघरातला काटा त्याची सॅक कर्टिसच्या ऑगस्टमधल्या आकड्यापेक्षा किंचित जड दाखवत होता. डेलमार सॅकसमोर बराच वेळ बसला. मग त्याने अस्तरात हात घातला आणि दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या. बाहेरून काही कळत नव्हतं. पट्ट्या त्याने गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे उभ्या केल्या आणि सॅक पुन्हा तोलली. कर्टिसपेक्षा दोन औंस कमी! जन्मभर गाड्या दुरुस्त केलेल्या ह्या माणसाने गाडी हलकी व्हावी म्हणून तिचे स्प्रिंग काढून ठेवले होते, आणि त्याला शांत झोप लागली.

पुढच्या सहलीआधीच्या रविवारी गसच्या गॅरेजमध्ये काट्याने डेलमारची बाजू घेतली. कर्टिसने त्याच्याशी हात मिळवला. "मानलं तुम्हाला. कसं काय जमवलंत?"

"शिस्त," डेलमार म्हणाला.

सहल निघाली ती पहिल्या चढापर्यंत झकास होती. मग सॅक मधोमध वाकली. डबा पाठीला टेकला, पट्टे खांद्यांत रुतले, आणि कमरपट्टा कमरेवर नुसता पाहुण्यासारखा बसून राहिला. डेलमारने पट्टे घट्ट केले, सैल केले, अंगठे त्यांच्याखाली घालून चालला. पुढे कर्टिस शीळ घालत होता. शीळही सुरात होती.

"डेल, थांबायचं का रे?" गसने विचारलं.

"अजून थोडं," डेलमार म्हणाला. जे ऐकण्यासाठी इतका खटाटोप केला ते शब्द कानांवर पडले होते, आणि त्याला फक्त खांदे ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक चढवताना त्याच्या तोंडून कुईं असा आवाज निघाला. जुन्या सॅकचाच, पण ह्या वेळी सॅक गप्प होती. कर्टिस खिंडीकडे पुढे गेला होता. गस एका दगडावर बसला, आपल्या सॅकचं तोंड उघडलं आणि झोपायच्या पिशवीच्या बाजूने दोन लांब, किंचित वाकवलेल्या पट्ट्या बाहेर काढल्या.

डेलमारने त्या लगेच ओळखल्या.

"आर्लीनने दिल्या," गस म्हणाला. "तुला न्यायला आलो तेव्हा. म्हणाली, त्याचा खांदा बोलायला लागला की दे."

"काल का नाही दिल्यास?"

"घेतल्या असत्यास?"

डेलमारने पट्ट्या हातात घेतल्या.

"म्हणजे तू त्या उचलून आणल्यास. ह्या गुडघ्यावर."

"गुडघा नवा आहे. मालक जुना आहे." गस जोडे बांधायला वाकला. "वजन काय विशेष नाही रे ह्यांचं. मला वाटलं होतं, भारी असतील. इतक्या हलक्या गोष्टीसाठी तू खांदे सुजवून घेतलेस?"

"कर्टिसला माहीत आहे?"

"तुला त्याचंच पडलंय?"

"माहीत आहे का, ते सांग."

"नाही."

डेलमारने सॅक रिकामी केली, पट्ट्या अस्तरात सरकवल्या, पुन्हा भरली. उभा राहिला आणि कमरपट्टा आवळला. डबा खांद्यांवरून उठला आणि कमरेवर जाऊन बसला, शहाण्या पोरासारखा. दुकानातली ती मुलगी खोटं बोलली नव्हती. कर्टिसही नव्हता. ह्या सगळ्या प्रकरणात एकच खोटारडा निघाला होता, आणि तो आता डोंगर चढत होता. सुखाने चढत होता, हे त्याला अधिकच खटकलं.

खिंडीत कर्टिस वाऱ्याकडे पाठ करून उभा होता. त्याने सुके जर्दाळू पुढे केले. सर्वांत मोठा गसला, मग डेलमारला. मग तो डेलमारच्या पाठीकडे बघून म्हणाला, "आज बसलीय छान. आपली सारखीच ना? पण तुमची दोन औंस हलकी."

गसने जर्दाळू चघळणं थांबवलं.

हो म्हणणं सोपं होतं. डेलमारने खिंडीपलीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं.

"होती," तो म्हणाला. "पट्ट्या काढून ठेवल्या होत्या मी. आता घातल्यात." आणि त्याने सॅक खाली ठेवली, डबा उपसून काढला आणि कर्टिसच्या पायाशी उभा केला. "नियम आहे. तुमचं ओझं हलकं. न्या."

कर्टिसने डब्याकडे पाहिलं. हसला असता तर बरं झालं असतं. डेलमारला निदान एक तरी खोट मिळाली असती.

"पट्ट्यांशिवाय इथवर आणलात?" तो म्हणाला. "माझ्या खांद्याने पहिल्या चढावरच राम म्हटला असता. आज असू दे तुमच्याकडेच. उद्या मी घेईन."

डबा परत सॅकमध्ये गेला. डेलमारला माफी मिळाली होती, कौतुक मिळालं होतं, डबासुद्धा मिळाला होता, आणि हे सगळं त्याला कर्टिसने दिलं होतं. हा माणूस आपला हेवा करायलाही धड जागा ठेवत नव्हता.

उतारावर कर्टिस पुढे, मध्ये डेलमार, मागे गस. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "डेल, कुठे थांबायचं रे?"

"कर्टिसला विचार," डेलमार म्हणाला. आणि कर्टिसने मान वळवायच्या आत स्वतःच म्हणाला, "तळ्यापाशी."